मोटारीचा क्लच : घरी बदलावा की गॅरेजात?



आमच्याकडे येणारी पत्रे बहुधा बेणे, खत, पाणी आणि ऊसबिल याविषयीची असतात. पण आता दारात ट्रॅक्टर आहे, बऱ्याच घरांत एखादी जुनी चारचाकी आहे, त्यामुळे यंत्राविषयीही विचारणा होऊ लागली आहे. मागील महिन्यात एका सभासदाने लिहिले, “पोरगं डोलवीला कंपनीत फिटर हाय. त्याची जुनी आल्टो घाटात ओढंना. गॅरेजवाला म्हणतो क्लच गेला. पोरगं म्हणतंय, आण्णा, मी सोताच बदलतो, मजुरी वाचंल. बदलू द्यावा का?”

प्रश्न चार ओळींचा असला तरी त्याचे उत्तर चार ओळींत देणे बरोबर होणार नाही. क्लच बदलणे म्हणजे चाक बदलणे नव्हे. त्यात पैसे वाचतात हे खरे, पण त्यात माणूस गाडीखाली जातो हेही खरे. म्हणून हा विषय सविस्तर घेतला आहे.

डोलवी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हे गाव रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यात, मुंबई-गोवा रस्त्याला लागून, धरमतर खाडीच्या अंगाला आहे. ऊस तिकडे नाही. भात, मीठ आणि मासळीचा तो मुलूख. तेथे इस्पात कंपनीचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि २०१० साली तो जेएसडब्ल्यूकडे गेला. देशावरची आपली अनेक आयटीआय झालेली मुले पोटापाण्यासाठी अशा कारखान्यांत जातात. गावाकडून जाताना पुण्यावरून खंडाळ्याचा घाट उतरून खोपोली, तेथून पेण, पुढे वडखळ आणि मग डोलवी असा रस्ता. येताना अर्थात तोच घाट चढावा लागतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण उत्तराचा अर्धा भाग या चढात आहे.

क्लच करतो काय?

इंजिन सतत फिरत असते, चाके मात्र कधी फिरवायची असतात, कधी थांबवायची असतात. दोहोंना जोडणारा आणि हवे तेव्हा सोडवणारा दुवा म्हणजे क्लच. इंजिनच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड लोखंडी चाक असते. त्याला चिकटून क्लच प्लेट. तिच्या दोन्ही बाजूंना अस्तर असते, त्याला मिस्त्री लोक लायनिंग म्हणतात. या प्लेटला मागून प्रेशर प्लेट दाबून धरते. पायाने पॅडल दाबले की केबल किंवा तेलाच्या दाबाने एक काटा हलतो, तो रिलीज बेअरिंग पुढे ढकलतो, प्रेशर प्लेटची पकड सैल होते आणि इंजिन मोकळे फिरू लागते. पाय सोडला की पुन्हा पकड बसते.

मोटेच्या चाकावर नाडा घसरू लागला की बैल चालतात पण मोट वर येत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना क्लच घसरणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. इंजिन ओरडते, गाडी पळत नाही. मधल्या मध्ये अस्तर जळते, त्याचा करपट वास येतो.

आधी रोग ओळखा

आमच्या मते सर्वांत जास्त पैसे वाचतात ते इथे, पाना हातात घेण्याच्या आधी. “क्लच गेला” हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. गाडी ओढत नाही याची कारणे दुसरीही असतात : एअर फिल्टर चोंदलेला असेल, ब्रेक धरून बसला असेल, टायरात हवा कमी असेल. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढला पण वेग चढला नाही, तर क्लच घसरतो आहे. आवाजही चढला नाही आणि वेगही चढला नाही, तर रोग इंजिनात किंवा ब्रेकात आहे, क्लचला हात लावू नये.

आणखी एक परीक्षा आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक पूर्ण ओढावा, चाकांना पुढून-मागून उटी लावावी, गाडीच्या पुढे कोणालाही उभे राहू देऊ नये. इंजिन चालू करून तिसरा गिअर टाकावा, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लचवरील पाय हळू सोडावा. क्लच चांगला असेल तर इंजिन तिथल्या तिथे गचका खाऊन बंद पडते. बंद न पडता फिरतच राहिले तर पकड गेली. ही परीक्षा एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केली तर उरलेसुरले अस्तरही जळते.

आता घसरतो हे नक्की झाले तरी लगेच प्लेट बदलू नये. केबलच्या क्लचला पॅडलच्या सुरुवातीला थोडी मोकळी चाल लागते. अनेक गाड्यांत ती साधारण २० मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढी असते. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. अस्तर झिजत जाते तशी ही चाल कमी होते. कोणी केबल फार आवळून ठेवली तरी ती नाहीशी होते. चाल संपली की रिलीज बेअरिंग कायम टेकून राहते, जणू चालकाचा पाय दिवसभर पॅडलवर आहे. मग नवा क्लचही घसरेल. अशा वेळी एका नटाला चार आटे फिरवून काम होते, आणि त्याला मजुरी लागत नाही. चाल बरोबर असूनही घसरत असेल तर मात्र प्लेट संपली, किंवा इंजिनचे मागचे तेल सील गळून अस्तर तेलकट झाले असे समजावे.

उलट प्रकारही होतो. पॅडल तळापर्यंत दाबले तरी गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना करकर होते. इथे क्लच सुटत नाही. केबल ताणली असेल, किंवा तेलावरच्या क्लचमध्ये मास्टर अगर स्लेव्ह सिलिंडर गळत असेल किंवा हवा शिरली असेल. हे सारे बाहेरून दुरुस्त होते, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. पॅडल दाबल्यावर घरघर येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. पॅडल सोडले असता आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, असे असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचे बेअरिंग पाहावे. ते काम क्लचपेक्षाही मोठे, ते घरी करूच नये.

पैशाचे गणित

लोक हिशेब चुकतात तो असा : गॅरेजवाल्याने सांगितलेली सगळी रक्कम वाचणार असे धरतात. वाचते ती फक्त मजुरी. सामान दोघांनाही तेवढेच लागते. नमुन्यादाखल समजा, क्लच सेट ४,००० रुपये, गिअर ऑइल, सील व किरकोळ ८०० रुपये, मजुरी ३,००० रुपये. एकूण ७,८००. घरी केल्यास वाचले ३,०००. त्यातून दोन चांगल्या घोड्या, सॉकेटचा संच, टॉर्क पाना आणि प्लेट मध्यावर बसवायचे टूल घेतले तर पहिल्या वेळी खिशातून उलटे जास्त जातात. (हे आकडे केवळ गणितासाठी आहेत. आपल्या गावचा भाव टाकून पाहावा.) हत्यारे आधीच घरात असतील, किंवा घरात तीन-चार गाड्या असतील, तर गणित फिरते.

वेळेचाही भाव धरावा. सरावाचा मिस्त्री लहान गाडीचे हे काम एका दिवसात उरकतो. पहिल्यांदा करणाऱ्याने दोन पूर्ण दिवस धरावेत, आणि तिसरा दिवस हाताशी ठेवावा. एक बोल्ट गंजून तुटला की एक दिवस गेलाच. आणि गाडी एकदा उघडली की जागची हलत नाही. तिच्यावर दवाखाना, बाजार, नोकरी अवलंबून असेल तर दुसऱ्या गाडीची सोय आधी करावी.

सामान कोणीही बसवो, पूर्ण संच घ्यावा. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदलावे. किरकोळ किमतीच्या बेअरिंगसाठी किंवा सीलसाठी सहा महिन्यांनी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणारे महाभाग आम्हाला ठाऊक आहेत. काटकसर तिथे करू नये.

गाडी कोणती, हे आधी

पूर्वीची पद्मिनी, ॲम्बॅसडर किंवा जीप, या मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्या. इंजिन पुढे, त्यामागे सरळ रेषेत गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट. शाफ्ट सोडवायचा, गिअरबॉक्स मागे ओढून खाली घ्यायचा. जड काम, पण समजायला सरळ. त्या काळी पुष्कळ ड्रायव्हर हे काम स्वतः करीत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि चित्र बदलले. इंजिन आडवे, पुढची चाके ओढणारी. आल्टोही त्याच घराण्यातली. येथे गिअरबॉक्स काढायचा तर आधी त्यातील तेल काढावे लागते, दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट ओढून काढावे लागतात, आणि इंजिनचा एक आधार सुटतो म्हणून इंजिनाला वरून किंवा खालून दुसरा आधार द्यावा लागतो. जागा अरुंद. हात शिरतो तर पाना फिरत नाही.

तरीही लहान, केबलवरच्या क्लचची गाडी घरी करता येण्याजोगी आहे. ज्या डिझेल गाड्यांना दुहेरी फ्लायव्हील आहे त्या मात्र जाणकाराकडेच द्याव्यात. तसेच क्लच पॅडल नसलेल्या एएमटी गाड्या. त्यांच्या आत क्लच असतोच, पण तो यंत्र दाबते, आणि नवा बसवल्यावर त्या यंत्राला संगणक जोडून नव्याने शिकवावे लागते. ते उपकरण आपल्या वाड्यात नसते.

जागा आणि जीव

आता मुख्य मुद्दा. गाडीसोबतचा जॅक चाक बदलण्यासाठी दिलेला असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली झोपणे म्हणजे आत्महत्येची तयारी आहे, यापेक्षा सौम्य शब्द आम्हाला सुचत नाही. जॅक घसरून माणूस दबल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यांत बहुतेक वेळा एकच गोष्ट असते : “दोनच मिनिटांचं काम होतं.” गाडी उचलावी जॅकने, पण ठेवावी लोखंडी घोड्यांवर, आणि घोड्या ठेवाव्यात काँक्रीटच्या किंवा फरशीच्या सपाट जागेवर. खळ्यातली जमीन उन्हाळ्यात दगडासारखी वाटते, पण घोडीचा पाय त्यातही रुततो. विटांची चवड तर कधीच लावू नये. वीट दाबाखाली इशारा न देता फुटते. जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्हीकडून उटी हवी. खाली शिरण्याआधी गाडीला खांदा लावून जोराने हलवून पाहावे. हलायची असेल तर आपण बाहेर असताना हलू दे.

एकट्याने हे काम करू नये. लहान मोटारीचा गिअरबॉक्सही पंचवीस-तीस किलोंच्या घरात जातो, जीपसारख्या गाडीचा त्याहून बराच जड. तो छातीवर झेलायची वस्तू नाही. खाली दुसरा चाकाचा जॅक लावून उतरवावा. आणि मदतनीस म्हणजे शाळकरी पोर नव्हे. बॅटरीची तार सर्वांत आधी सोडावी.

क्लचच्या घंट्यात काळी धूळ साठलेली असते. ती तोंडाने फुंकू नये, पंपाच्या हवेने उडवू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरीत असत आणि त्याची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, तोंडाला मास्क असावा.

काम बिघडते कुठे

उघडताना काम बिघडत नाही, बसवताना बिघडते. प्लेटला पुढची-मागची बाजू असते. ती उलटी बसली तर सगळे बंद केल्यावर कळते, आणि मग सगळे पुन्हा उघडावे लागते. जुनी काढतानाच कोणती बाजू फ्लायव्हीलकडे होती याची खूण करावी, आज फोनवर फोटो काढावा. दुसरे, प्लेट नेमकी मध्यावर हवी. टूल न लावता डोळ्यांनी अंदाज केला तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जात नाही. मग लोक बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढायला जातात आणि घंटा तडकते. गिअरबॉक्स हाताने सरकत जाऊन टेकला पाहिजे, बोल्टने ओढायचा नाही. तिसरे, अर्धवट आत गेलेला गिअरबॉक्स तसाच लोंबकळत ठेवून चहाला जाऊ नये. त्याच्या वजनाने नवी प्लेट वाकते आणि गाडी उचलताना कायम थरथरते.

अस्तराला तेलकट बोट लावू नये. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावायचे ते पुसट, बोटभर नव्हे. जास्तीचे ग्रीस फिरून अस्तरावर उडते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चिरा दिसल्या तर ते टर्नरकडे नेऊन दाखवावे. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, फिरत्या क्रमाने आवळावेत. आणि गाडी चालू करण्यापूर्वी गिअर ऑइल भरले का हे दोघांनी वेगवेगळे पाहावे. काढलेले तेल भरायचे राहून गेले तर गिअरबॉक्सच बसतो, म्हणजे वाचवलेल्या मजुरीच्या कित्येक पट गेले.

मग डोलवीच्या मुलाने काय करावे?

मुलगा फिटर आहे, म्हणजे पाना कसा धरावा, बोल्ट किती आवळावा हे त्याला आम्ही सांगायला नको. अकलेचा प्रश्न नाही, जागेचा आहे. तो भाड्याच्या खोलीत राहतो, गाडी रस्त्याकडेला उभी असते असे पत्रात आहे. कोकणातला पाऊस, खाडीकाठची मऊ भूमी, घोडी ठेवायला पक्की फरशी नाही. शिवाय खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचे बोल्ट गंजून धरलेले असतात. देशावर जो बोल्ट पान्याने सुटतो तो तिकडे तापवावा लागतो. आणि पाळी संपवून थकलेला माणूस रात्री बॅटरीच्या उजेडात गाडीखाली जाणार, हे चित्र आम्हाला पसंत नाही.

गाडी गावी आणून वाड्यात दोघा भावांनी काम करावे, हा दुसरा विचार सुचेल. फरशी आहे, माणसे आहेत, हत्यारे आहेत. पण घसरणारा क्लच घेऊन खंडाळ्याचा घाट चढणे हेच मुळात अशक्य. मध्यावर प्लेट पूर्ण जळेल, फ्लायव्हीलही खराब होईल, आणि भर घाटात मागून अवजड ट्रक येत असताना गाडी बंद पडेल. तेव्हा तो मार्ग बंद आहे.

म्हणून आमचे मत असे. मुलाने पहिल्या सुटीला पॅडलची चाल मोजावी आणि केबल बघावी. एवढे तो खोलीवर उभ्या-उभ्या करू शकतो. चाल नसेल तर ती देऊन सपाट रस्त्यावर परीक्षा घ्यावी. घसरणे थांबले तर काही दिवस लक्ष ठेवून गाडी वापरावी. न थांबल्यास गाडी पेणच्या एखाद्या चांगल्या गॅरेजात द्यावी, घाटात नेऊ नये. फिटर असल्याचा उपयोग त्याने तेथे करावा : आधी दोन ठिकाणी भाव विचारावा, मजुरी आणि सामान वेगळे लिहून घ्यावे, सामानाची पेटी आपल्यासमोर फोडायला सांगावी, काम चालू असताना समोर उभे राहावे, तेल सील पाहावे, जुने सुटे भाग परत मागून घ्यावेत. जुनी प्लेट हातात आली की सगळे कळते. अस्तर रिव्हेटपर्यंत झिजले असेल तर गॅरेजवाला खरे बोलला. जाड असेल आणि तेलकट असेल तर सील बदलल्याशिवाय गाडी घेऊ नये.

हीच गाडी वाड्यातल्या फरशीवर उभी असती, घरात दुसरी गाडी असती आणि हंगाम संपलेला असता, तर आम्ही त्यांना “करू द्या” असेच लिहिले असते.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी

मोटारीवरून ट्रॅक्टरची आठवण निघणारच. ट्रॅक्टरचा क्लच बदलायचा तर ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो : इंजिन आणि पुढची चाके एका बाजूला, गिअरबॉक्स आणि मागची चाके दुसऱ्या बाजूला. सुमारे दोन टनांची वस्तू दोन तुकड्यांत उभी राहते. पुढचा एक्सल मध्यावरच्या खिळीवर झुलतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्याखेरीज पुढचा भाग कलंडतो. अनेक ट्रॅक्टरांत दोन प्लेटा असतात, एक चाकांसाठी आणि एक पीटीओसाठी, आणि प्रेशर प्लेटच्या फिंगरांची उंची एकसारखी जुळवावी लागते. हे काम शिकलेल्या मिस्त्रीचेच आहे. घरच्या माणसांनी हाताखाली राहावे, पुढे होऊ नये.

ट्रॅक्टरचा क्लच जळतो तो बहुधा फडातून बाहेर निघताना. रानात ओल असते, ट्रॉली भरलेली, चाक रुतलेले, आणि चालक अर्ध्या क्लचवर इंजिन ओरडवत राहतो. तिथे ट्रॉली हलकी करणे किंवा दुसरा ट्रॅक्टर जोडणे स्वस्त पडते. हंगामात क्लच गेला तर नुकसान एकट्या मालकाचे नसते. तोडलेला ऊस वाटेत वाळतो. तोड झाल्यापासून २४ तासांच्या आत तो गाळला जावा अशी अपेक्षा असते. पुढे वजन घटते, साखरेचा उतारा घटतो. टोळी बसून राहते, मागच्या सभासदाची पाळी लांबते.

तेव्हा वाहतूकदार सभासदांनी हंगाम सुरू होण्याआधीच क्लच पाहून घ्यावा. खंडेनवमीला हत्यारे-अवजारे पुजायला आपण ट्रॅक्टर धुऊन दारात आणतोच. हार घालण्याआधी पॅडलची मोकळी चाल पट्टीने मोजावी, पुस्तकातील आकड्याशी ताडून पाहावी आणि तो आकडा तारखेसह वहीत लिहावा. चाल जुळवूनही क्लच घसरत असेल तर मिस्त्रीला तेव्हाच सांगून ठेवावे. बॉयलर पेटल्यावर त्याच्याकडे रांग लागते.